बोटीच्या इंजिनातली पाण्याची गळती : शोधायची कशी, बंद करायची कशी

इंजिनखाली पाणी दिसलं की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. समोर दिसेल ती क्लिप आवळायची, ओल दिसेल तिथे एम-सील थापायचं आणि बोट पुन्हा समुद्रात घालायची. दोन फेऱ्या झाल्या की पाणी परत तिथेच. गळती बंद करणं तुलनेने सोपं असतं, ती नेमकी कुठे आहे हे शोधणं अवघड. वरच्या होजमधून निघालेलं पाणी ब्लॉकवरून ओघळत इंजिनाच्या पायापर्यंत जातं आणि तिथे थेंब धरतं. म्हणजे थेंब पडतो एका जागी आणि दोष असतो दुसऱ्याच जागी.

वडिलांची बोट नुकतीच हातात घेतलेल्या, जुना ट्रॉलर विकत घेतलेल्या किंवा इंजिनावर नव्याने काम करू लागलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलर आणि जाळ्याच्या बोटींत बसणाऱ्या आतल्या डिझेल इंजिनापुरतंच बोलतो. मागे लावायच्या आउटबोर्ड मशिनची रचना वेगळी असते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अशा इंजिनात सहसा दोन पाणी फिरतात. गोडं पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनाच्या पोटात फिरून ते थंड ठेवतं. खारं पाणी समुद्रातून व्हॉल्व्हमार्गे येतं, जाळीच्या गाळणीतून सी वॉटर पंपात जातं, कूलरमध्ये गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. दोघं कूलरमध्ये शेजारी-शेजारी असतात, मध्ये फक्त पातळ नळ्यांची भिंत. काही बोटींत कूलरऐवजी तळाला बाहेरून पाइप बसवलेले असतात आणि गोडं पाणी त्यातूनच फिरून थंड होतं. तुमच्या बोटीत काय आहे ते आधी पाहून घ्या आणि दोन्ही पाण्यांचा रस्ता बोटाने एकदा शेवटपर्यंत फिरून या. हे न करता पुढचं काही करू नका.

काय काय जवळ हवं

- चांगला टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा (पंपाच्या खालची बाजू आरशाशिवाय दिसत नाही)
- सुती चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, खडूची पूड किंवा टाल्कम पावडर
- घरच्या आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर
- पाने, सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, सर्क्लिप काढायची पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा)
- रेडिएटर तपासायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर (गावातल्या ट्रकच्या गॅरेजमधून मागून आणता येतो)
- सुटे भाग : इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक), पंपाचे सील, झाकणाची पॅकिंग, स्टेनलेस क्लिपा, होजचा तुकडा, झिंक (कूलरमधली जस्ताची कांडी), टाकीचं झाकण

कागदांत इंजिनाचं मॅन्युअल, पार्ट कॅटलॉग आणि ब्लॉकवरच्या पट्टीवरचा इंजिन नंबर लागतो. त्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे पंप बसलेले असतात आणि नंबर नसेल तर दुकानदार अंदाजाने सील देतो. वॉरंटी किंवा विमा चालू असेल तर काहीही उघडण्याआधी आहे त्या स्थितीचे फोटो काढा.

१. काम सुरू करण्याआधी

इंजिन थंड होऊ द्या. गरम इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. बॅटरीचा स्विच बंद करा. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तेव्हा लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही काहीही पट्ट्याजवळ नको.

समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करून फिरवून पाहा. तो जाम असेल तर पहिली दुरुस्ती तिथली, आणि ती बोट पाण्याबाहेर असताना. व्हॉल्व्ह बंद केला की एक चिंधी स्टार्टरच्या चावीला बांधा. खारं पाणी बंद ठेवून इंजिन चालवलं तर कोरड्या पंपातला रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो.

२. पाणी खारं की गोडं?

सगळा शोध या प्रश्नावर उभा आहे. चव घेऊन बघू नका. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोडसर लागतं.

इंजिनखाली स्वच्छ डबा ठेवून थेंब गोळा करा. तळात आधीच साचलेलं पाणी तपासून उपयोग नाही, त्यात सगळंच मिसळलेलं असतं. थेंबात टीडीएस मीटर बुडवा. नळाचं पाणी साधारण काहीशे पीपीएम दाखवतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० पीपीएमच्या आसपास. घरगुती मीटर बहुधा ९,९९० च्या पुढे मोजत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात तो मर्यादेबाहेर गेल्याची खूण दाखवतो. बोट खाडीत उभी असेल आणि पावसाळा असेल तर आकडा बराच खाली येतो. तेव्हा बोटीबाहेरचं पाणीही मोजा आणि दोन आकडे शेजारी ठेवा.

मीटर नसेल तर दोन थेंब काचेवर उन्हात वाळवा. पांढरा खरखरीत थर राहिला तर खारं, हिरवा-गुलाबी चिकट डाग राहिला तर कूलंट. इंजिनावरचे जुने डागही हेच सांगतात. पांढरी मिठाची दाढी जिथून सुरू होते, त्याच्या अगदी वरच्या टोकाला दोष असतो.

गोड्या पाण्याच्या टाकीत रंगीत कूलंट वापरण्याचं हेही एक कारण आहे. साधं पाणी घालणाऱ्यांना खुणेचा हा फायदा मिळत नाही, शिवाय आतून गंज चढतो तो वेगळाच.

३. इंजिन बंद असताना पाणी येतं का?

तळ कोरडा करा आणि बोट धक्क्याला उभी असताना तासाभराने पाहा.

पाणी येत असेल तर समुद्राचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहा. थांबलं, तर दोष व्हॉल्व्हच्या पुढच्या खाऱ्या पाण्याच्या लाइनमध्ये आहे. थांबलं नाही आणि ते कूलंट नसेल, तर ते इंजिनाचं पाणीच नाही. ग्लँड (पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा सांधा), व्हॉल्व्हचं बूड, सुकाणूचा दांडा जिथे तळातून जातो ती जागा, लाकडी बोट असेल तर फळ्यांचे सांधे, हे बघा. हे साधं पाऊल गाळल्यामुळे चांगली इंजिनं उगाच उघडली जातात.

पाणी फक्त इंजिन चालू असताना येत असेल तर शोध पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला. आणि सकाळी थंड इंजिनावर गळून गरम झाल्यावर थांबत असेल, तर बहुतेक होजचं तोंड किंवा क्लिप. थंडीत रबर आकसतं, गरम झालं की फुगून फट बुजते. उलट गरम झाल्यावरच गळत असेल तर बारीक तडा किंवा थकलेली पॅकिंग असण्याची शक्यता जास्त.

४. कोरडं करा, खडू मारा

इंजिन गोड्या पाण्याने धुऊन चिंधीने पूर्ण कोरडं पुसा. संशयाच्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरवा, खाली वर्तमानपत्र पसरा, मग इंजिन सुरू करा. ओल पुडीवर लगेच गडद रेघ काढते आणि रेघ वरून खाली वाचता येते. सुरुवात वरूनच करा : टाकी, वरचे होज, थर्मोस्टॅटचं घर, हेडचा (सिलिंडरांवरच्या झाकणाचा) जोड, मग पंप, शेवटी खालचे नळ. पट्टा फिरत असेल तिथे थेंब उडून लांब पडतात, म्हणून पट्ट्याजवळची ओल थोडी संशयानेच वाचा.

इंजिनाच्या बाजूला वाटीसारख्या गोल चकत्या ठोकलेल्या दिसतील. त्या कोअर प्लग. आतून गंजून त्यांना टाचणीएवढं भोक पडतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागचा प्लग तर आरसा धरल्याशिवाय दिसतच नाही. एक गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही बदला.

५. गोड्या पाण्याची प्रेशर टेस्ट

गोडं पाणी कमी होतंय पण थेंब सापडत नाही, तेव्हा हेच खात्रीचं हत्यार. टाकी भरा, झाकणाच्या जागी टेस्टर लावा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच हवा भरा. झाकणावर ०.९ बार लिहिलं असेल तर ०.९, एक टिंबही जास्त नाही. जास्त दाब दिलात तर चांगला असलेला सांधाही फुटेल. पंधरा मिनिटं काटा पाहा. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत जातंय. त्यासाठी पायरी ९ वर या.

झाकणाचीही परीक्षा घ्या. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही, पाणी वाफ होऊन जातं आणि माणूस महिनाभर इंजिनात गळती शोधत बसतो.

६. सी वॉटर पंप

खाऱ्या पाण्याची गळती असेल तर पहिली नजर इथे. पंपाच्या पोटाखाली, इम्पेलर आणि इंजिन यांच्या मध्ये, एक छोटं भोक किंवा खाच असते. आतल्या बाजूला दोन सील असतात, एक पाणी अडवतो, दुसरा तेल. दोघांच्या मधली जागा या भोकाने बाहेर उघडी ठेवलेली असते. भोकातून पाणी आलं तर पाण्याचा सील गेला, तेल आलं तर तेलाचा.

हे भोक कधीही बुजवू नका. एम-सील नको, स्क्रू नको, लाकडी खुंटी नको. बाहेर पडायची वाट बंद झाली की खारं पाणी तेलाच्या सीलवर दाब देतं आणि गिअरने चालणाऱ्या पंपात ते थेट इंजिनाच्या तेलात उतरतं. दोन सील आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवायला जाऊन क्रँकच्या बेअरिंगा घालवण्याचा हा प्रकार आहे, आणि जुनी बोट घेतलेल्यांना हे भोक बुजवलेलंच मिळण्याची शक्यता बरीच असते. घेतल्या दिवशी तपासा.

पंप उघडताना :

- व्हॉल्व्ह बंद, मग झाकण काढा. पाती कुठल्या दिशेला वाकलीत त्याचा फोटो घ्या.
- इम्पेलरची पाती मोजा. तुकडे तुटले असतील तर ते सगळे सापडलेच पाहिजेत. न सापडलेला तुकडा पुढे कूलरच्या तोंडाशी अडकून बसतो आणि नंतर इंजिन तापायला लागतं.
- शाफ्टवर सील बसतो त्या जागी नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडली आहे. त्या शाफ्टवर नवा सीलही टिकणार नाही. शाफ्ट बदला किंवा लेथवाल्याकडून स्लीव्ह चढवून घ्या.
- बेअरिंग हाताने फिरवा. खरखर किंवा डुगडुग असेल तर तेही बदला. शाफ्ट डुगडुगला की सील जातोच.
- पाण्याच्या सीलची ओठाची बाजू पाण्याकडे, तेलाच्या सीलची तेलाकडे. उलट बसवलेला सील पहिल्या दिवसापासून गळतो.
- इम्पेलरला ग्लिसरीन किंवा भांडी घासायचं लिक्विड लावून, फिरण्याच्या दिशेने वळवत आत घाला. ग्रीस, इंजिन ऑइल नको, काही रबरांना ते फुगवतं.
- झाकणावर आतून चरे पडले असतील तर ते बदला. दोन्ही बाजू सपाट असतील तर एकदा उलटून वापरता येतं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात पंपात इम्पेलर ठेवून देऊ नका. एकाच जागी वाकून राहिलेली पाती तशीच कायम होतात. काढून ठेवा आणि ऑगस्टमध्ये शक्यतो नवा बसवा.

७. होज आणि क्लिपा

होज दाबून पाहा. कडक, चिरलेला किंवा तोंडाशी फुगलेला असेल तर क्लिप आवळण्यात अर्थ नाही. पंपाच्या ओढीच्या बाजूला आत तार असलेला होजच हवा, साधा होज ओढीने चपटा होतो. पाणरेषेखालच्या प्रत्येक तोंडाला दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. क्लिप विकत घेताना चुंबक जवळ न्या. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल बाजारात भरपूर आहे. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटलं तर ती क्लिप खाऱ्या पाण्यात हंगामही काढणार नाही.

नळीचं तोंड सँडपेपरने साफ करून मगच नवा होज चढवा. पितळी तोंड खरवडल्यावर आत गुलाबी-लालसर आणि ठिसूळ दिसलं तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे. ते तोंड बदला, ते हातात तुटतं.

८. कूलर, झिंक आणि एक्झॉस्टचा बाक

कूलरच्या दोन्ही टोकांची झाकणं पॅकिंग किंवा ओ-रिंगवर बसतात. तिथे मीठ साचलं असेल तर झाकण काढा, बूड साफ करा, नवी पॅकिंग घाला. जुनी पॅकिंग सिलिकॉन फासून परत बसवू नका. सिलिकॉनचे जादा तुकडे आत सुटून नळ्या बुजवतात.

झिंकची कांडी अर्धी खाल्ली गेली की बदला. तिच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका आणि झिंकला रंगही देऊ नका. धातूला धातू लागला तरच ती काम करते. झिंक संपलं की समुद्र कूलरच्या नळ्या खायला लागतो.

ज्या बोटींत खारं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतात, तिथला पाणी मिसळणारा बाक दर हंगामाआधी काढून आतून पाहा. बाहेरून धडधाकट दिसणारा बाक आतून सडलेला असतो आणि त्यातून पाणी मागे सिलिंडरमध्ये येऊ शकतं. अशा बोटीत इंजिन लागत नसेल तर स्टार्टर मारत राहू नका. प्रत्येक फेऱ्यात पंप पाणी भरत राहतो आणि ते ढकलायला धूर नसतो. व्हॉल्व्ह बंद करून स्टार्टर मारा, इंजिन लागताक्षणी उघडा.

ग्लँडचं इथेच सांगून टाकतो. जुन्या पद्धतीच्या दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड शाफ्ट फिरताना थोडा ठिबकलाच पाहिजे, त्या पाण्यानेच तो थंड राहतो. कोरडा होईपर्यंत आवळला तर शाफ्टला खाच पडते. नवी पॅकिंग घालायची तर उधाणाच्या भरतीला बोट वर घ्या आणि ओहोटीत काम करा. भरती ते ओहोटी साधारण सहा तासांचं अंतर असतं, त्यात शाफ्ट उघडा राहतो तो वेळ त्याहून कमी. दोरीचे तुकडे आदल्या दिवशीच कापून तयार ठेवा आणि बसवताना त्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका.

९. बाहेर थेंब नाही, पण टाकी उतरतेय

इथे घाई अजिबात नको. आधी डिपस्टिक काढा. तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर तेलात पाणी आहे. इंजिन सुरू करू नका, धक्क्यापर्यंत नेण्यासाठीसुद्धा नाही. गिअर बॉक्सचं तेलही पाहा. फक्त तेच दुधाळ असेल तर दोष गिअर ऑइल कूलरमध्ये.

स्टार्टर मारला आणि इंजिन धक्का खाऊन एका जागी अडलं, तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळी नोझलं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) काढा आणि इंजिन हाताने फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर दोषी.

इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहते, टाकीत सतत बुडबुडे येतात, टाकी उतू जाते : या खुणा हेड गॅस्केटच्या किंवा हेडला गेलेल्या तड्याच्या. हेड काढलं की सरळ पट्टी आणि फिलर गेजने ते सपाट आहे का पाहा, वाकलं असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्या. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळा. हाताच्या अंदाजावर बसवलेलं हेड पुन्हा उघडावं लागतं.

तेलात पाणी आहे पण हेड ठीक आहे, तर ऑइल कूलर आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) खालच्या ओ-रिंग बघा. ऑइल पॅन काढा, गोड्या पाण्याला टेस्टरने दाब द्या आणि खालून टॉर्च मारा. ज्या लायनरच्या कडेने थेंब उतरेल, ती जागा.

तेल स्वच्छ आहे, वाफ नाही आणि तरीही टाकी उतरतेय, तर मुख्य कूलरची नळी फुटलेली असू शकते. खाऱ्या पाण्याच्या बाजूची दोन्ही झाकणं काढा, नळ्या कोरड्या करा, गोड्या बाजूला दाब द्या. ज्या नळीच्या तोंडाशी पाणी येईल ती फुटली. एखाद-दुसरी नळी दोन्ही टोकांना निमुळती पितळी खुंटी ठोकून बंद करता येते, पण तो हंगाम ढकलण्याचा उपाय. तळाला पाइप असलेल्या बोटीत हाच संशय त्या पाइपांवर घ्या.

तेलात खारं पाणी गेलेलं कळलं तर दोष दुरुस्त करून त्याच दिवशी तेल आणि फिल्टर बदला, थोडा वेळ चालवा, पुन्हा बदला, आणि तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. मीठ आत राहिलं तर बेअरिंगांना गंज लागायला फार दिवस लागत नाहीत.

१०. समुद्रात असताना फुटलं तर

इंजिन बंद, व्हॉल्व्ह बंद, नांगर टाका. होज चिरला असेल तर पुसून कोरडा करा, सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळा आणि दोन्ही बाजूंना क्लिपा लावा. कमी आरपीएमवर घरी यायला तेवढं पुरतं. तापलेल्या इंजिनात लगेच थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. थंड झाल्यावर पिण्याचं पाणी घाला. निघतानाच दोन कॅन जास्त घ्यायचे ते यासाठीच. पाण्याला जोर असेल आणि थांबत नसेल तर तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) वाट न पाहता जवळच्या बोटींना वायरलेसवर कळवावं.

११. दुरुस्तीनंतर

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मॅन्युअलप्रमाणे, बहुधा निम्मं-निम्मं. भरताना हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकून एकाच जागी तापतं. काढलेलं कूलंट बंदरात सोडू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

व्हॉल्व्ह उघडा, चावीची चिंधी सोडा, इंजिन सुरू करा आणि पहिल्या मिनिटातच बाहेर पाणी पडतंय का पाहा. धक्क्यालाच अर्धा तास चालवा, मग बंदराच्या तोंडापर्यंत लोडवर. परत आल्यावर नवी वर्तमानपत्रं पसरून रात्रभर ठेवा. नवा होज गरम-थंड झाल्यावर बसतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर क्लिपा पुन्हा एकदा आवळा. टाकीच्या पातळीला पेनाने रेघ मारा आणि इंजिन थंड असताना, निघण्याआधी दर वेळी त्या रेघेशी ताडून पाहा.